पाकोळीची चाकं आणि साहेबांचा स्पीडब्रेकर

साहेब, तुमच्या वाहतूक खात्यात मोजपट्टी एकच आहे आणि ती फक्त दुसऱ्याच्या चाकाला लागते. स्वतःच्या दारात तिची घडीसुद्धा उलगडत नाही. हे मी तुमचं नाव न घेता म्हणतोय, कारण नाव घेतलं की तुम्ही अर्ज दुसऱ्या खिडकीवर द्यायला सांगता आणि दुसरी खिडकी जेवायला गेलेली असते.

आमच्या सेर्रा दो कापिम गावातल्या जुरांदिर मास्तरांना तुम्ही जुलै महिन्यात दोनदा परत पाठवलंत. चोर म्हणून नाही, दारुडा म्हणून नाही. टायर चुकलं म्हणून. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलं, त्याला तुम्ही चारचौघांत सांगितलंत की तुमचं गणित चुकलंय. बरोबरच होतं म्हणा तुमचं. राग त्याचाच येतो.

गाडी मास्तरांची नव्हे, त्यांच्या सासऱ्यांची, लिंदोल्फोंची. कारखान्याने तिचं नाव आंदोरिन्या ठेवलं होतं, म्हणजे पाकोळी. चौऱ्याहत्तर सालची, पिवळीजर्द, दोन दारं, दोन सीटा, फायबरचं अंग आणि इंजिन मागे. जमिनीपासून इतकी बुटकी, की आत शिरताना आधी पाय, मग कंबर, मग मान आणि सगळ्यांत शेवटी अब्रू आत घ्यावी लागते. कारखाना कधीच बंद पडला. गाडी राहिली आणि लिंदोल्फो राहिले, दोघंही हट्टापायी.

पंचवीस जुलैला आमच्याकडे संत क्रिस्तोवांवची मिरवणूक निघते. ड्रायव्हर लोकांचा संत; पूर आलेल्या नदीतून एका पोराला खांद्यावर घेऊन पलीकडे गेलेला. त्या दिवशी गावातलं जे जे चाकावर चालतं ते हॉर्न वाजवत रस्त्यावर येतं, आणि पाद्रीबाबा बादलीत झाडू बुडवून सगळ्यांवर पवित्र पाणी उडवतात. पाद्रीबाबांच्या गाडीमागे सगळ्यांत पुढे पाकोळी आणि तिच्यात लिंदोल्फो, हा चाळीस वर्षांचा रिवाज. गेली तीन वर्षं मात्र गाडी ताडपत्रीखाली होती, कारण टायरांना भेगा पडल्या होत्या आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता. यंदा डॉक्टरने सांगितलं, पुढच्या वर्षीपर्यंत उजेड-अंधार कळला तरी नशीब.

म्हाताऱ्याने लेकीला, झुलेइकाला, बोलावलं आणि जावयालाही.

"मास्तर, गाडी तुमच्या नावावर करतो. पंचवीस तारखेला मला तिच्यात बसवून चर्चच्या दारापर्यंत न्यायचं. तेवढी एकदा गल्ली बघून घेतो तिथून. पुढच्या वर्षी दाखवलीत तर मला दिसायची नाही."

सत्तावीस वर्षांत सासऱ्याने मास्तरांना दिलेली ही पहिली वस्तू. त्याआधी फक्त सल्ले दिले होते. मास्तरांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि "नेतो" म्हणाले. एवढा एकच शब्द ते बोलले. पुढचं सगळं त्या शब्दापायी.

नोटरीकडे सही झाली. नाव बदलायला तीस दिवस आणि बदलण्याआधी तुमच्याकडे तपासणी. तपासणीला चांगली टायरं हवीत. मास्तरांनी वहीत नंबर टिपून घेतले: पुढची १८५/७० आर १४, मागची १९५/७० आर १४. तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने कागद बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"पुढची मागवून देईन. मागची ही साइज आता येत नाही, मास्तर. जवळपासची बघा काहीतरी."

जवळपासची! आमच्या गल्लीत प्रत्येकाचं जवळपास वेगळं आहे.

पहिला सल्ला एविलाझियोचा. हा कोपऱ्यावरचा औषधवाला. बारीक अक्षर वाचायचा धंदा, त्यामुळे जगातलं सगळं बारीक अक्षर आपल्याला कळतं अशी त्याची समजूत. त्याने कॉफीचा पेला काउंटरवर ठेवला, वही डोळ्यांशी धरली आणि औषधाच्या डोसासारखं सांगितलं, "एकशे पंचाण्णव हा वेग. त्याच्या वर पळवायची नाही. सत्तर म्हणजे माणशी वजन. चौदा म्हणजे तितकी वर्षं टिकतं."

"सासरे एकशे दहा किलोचे आहेत," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर जास्त आकडा घ्या! दोनशे पंचवीस घ्या. रुंद टायर म्हणजे पकड. तुम्हाला काय, पकड नको?"

गणिताचा मास्तर, सातवीला शेकडेवारी शिकवणारा, यावर मान डोलावून आला. का, ते विचारू नका. चांगला शिकलेला माणूस दुकानात उभा राहिला की त्याचं शिक्षण बाहेर बाकावर बसून राहतं.

दोनशे पंचवीसची टायरं बसली. बसली म्हणजे नाइलाजाने बसली. लग्नातल्या जाड्या पाहुण्यासारखी दोन्ही बाजूंनी बाहेर आली. पहिल्याच वळणावर पुढचं चाक वरच्या कमानीला घासलं आणि खर्रकन पिवळ्या फायबरचा एक कपचा रस्त्यात पडला. मास्तरांनी तो उचलून खिशात ठेवला. दुसऱ्या वळणावरचाही ठेवला. तुमच्या कचेरीपर्यंत पोचताना त्यांच्या खिशात गाडीचा बराच भाग जमला होता.

आणि मग तो स्पीडब्रेकर. तुमच्याच फाटकासमोर, दोन वर्षांपूर्वी घातलेला. स्पीडब्रेकर कसला, गाडलेला बैल तो! मास्तरांनी गाडी तिरकी घातली, एकेक चाक करून चढवली, खालून पोट करकरलं, पण पार झाली. एकटे होते म्हणून झाली.

तपासनीस तरुण होता, काटकुळा, बोलायला गोड. त्याने चाकाच्या वर ओळंबा धरला. टायर कमानीबाहेर दोन बोटं.

"बाहेर आलेलं चालत नाही, मास्तर. नियम मी केलेला नाही."

"मग कोणी केलाय?"

"ते वरती," तो म्हणाला आणि त्याने छताकडे बघितलं. छतावर गळतीचा डाग होता.

मास्तर परत आले. झुलेइकाने दार उघडलं, नवऱ्याच्या खिशातून टेबलावर पडलेले पिवळे तुकडे बघितले आणि चीजचे गरम पाव पुढे ठेवले. मग न राहवून म्हणाली, "अहो, गाडी आणताय की हप्त्याहप्त्याने घरी पोचवताय?"

दुसरा सल्ला आबेलार्दोचा. समोरच्या घरात राहणारा, एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. स्वतःच्या घराच्या फाटकातून बाहेर पडतानाही मान वळवून मागे कोणी राहिलं का बघतो. औषधवाल्याचं ऐकलं हे कळल्यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"गोळ्या विकणाऱ्याचं ऐकता? मी भरलेली बस घेऊन अख्खा डोंगर उतरलोय, माझं ऐका. तुमचं दुखणं रुंदी नाही, उंची आहे. त्या कचेरीपुढच्या बैलाला पार करायचं तर गाडी वर उचला. व्हॅनची टायरं घाला, मालवाहू. चौदाचीच रिम, रुंदी तीच, फक्त उंच."

हे पटण्यासारखं होतं. चुकीचा सल्ला नेहमी पटण्यासारखाच असतो. व्हॅनची टायरं बसली. पाकोळी उंच टाचांच्या चपला घातलेल्या आजीसारखी दिसू लागली. पण बैल? पोट न घासता पार! मास्तरांनी आरशात मागे बघितलं आणि, आता सांगायला हरकत नाही, स्पीडब्रेकरला जीभ काढून दाखवली. शाळेच्या बाहेर त्यांनी असलं कृत्य पहिल्यांदाच केलं. शाळेतही कदाचित.

तपासनिसाने या वेळी फीत काढली. जमिनीपासून माथ्यापर्यंत टायर मोजलं. मूळ कागद बघितला. त्याचा चेहरा पडला.

"मास्तर, बाहेरचा व्यास बदललाय. जवळजवळ चार सेंटिमीटर जास्त. काटा साठ दाखवेल तेव्हा तुम्ही चौसष्टने पळत असाल. रुंदी, रिम वगैरे एक वेळ समजू शकतो, पण व्यास मुळाइतकाच लागतो. नियम मी..."

"केलेला नाही," मास्तर म्हणाले.

"आणि आता तपासणी थेट तेवीस तारखेला. मधल्या दोन आठवड्यांत आमचं यंत्र दुरुस्तीला जाणार आहे."

तेवीसला तपासणी, पंचवीसला मिरवणूक. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी ते सासऱ्यांकडे गेले तर म्हातारा अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि हाताच्या पंजाने एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरची जास्वंद बघत होता. मग दुसरा झाकून. मग पुन्हा पहिला.

"कोण, मास्तर का? पावलांवरून ओळखलं. टायरं झाली?"

"होताहेत."

"घाई नाही," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा एक डोळा झाकला.

घरी येऊन मास्तर जेवले नाहीत. गल्लीभर चर्चा. एविलाझियो म्हणे, आबेलार्दोमुळे घोटाळा झाला. आबेलार्दो म्हणे, एविलाझियोने सुरुवात केली. दोघं मिळून म्हणत, मास्तरांनी आधीच नीट विचारायला हवं होतं. या वाक्यावर मात्र मास्तर उठले आणि ते नको असलेलं व्हॅनचं एक टायर रस्त्याने ढकलत ढकलत गल्लीच्या टोकाला निघाले. निदान ते तरी कोणी परत घेईल म्हणून.

टोकाला आंब्याखाली नेउझाचं पंक्चरचं दुकान. नेउझा पंचेचाळिशीची, मनगटं माझ्या पोटरीएवढी. ट्रकचं टायर एकटी उतरवते आणि वर शिवी द्यायला दम शिल्लक ठेवते. महिनाभर सगळी गल्ली टायरवर बोलत होती आणि टायरचं काम करणाऱ्या एकुलत्या एका माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं. असे आम्ही शहाणे.

"या सर. मी वाटच बघत होते, कधी येताय. औषधवाला झाला, बसवाला झाला, म्हटलं आता पाद्रीबाबांकडे जाणार बहुतेक."

मास्तरांनी मान खाली घालून वही पुढे केली. नेउझाने नंबर बघितले, खडू उचलला आणि दुकानाच्या काळ्या पत्र्यावर लिहायला लागली.

"एकशे पंचाण्णव ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. चौदा रिम, इंचात. आणि हे सत्तर काय आहे, सर?"

"वजन?" मास्तर पुटपुटले.

"टक्के, सर. टक्के! टायरची उंची रुंदीच्या सत्तर टक्के. शेकडेवारी. रात्रशाळेत तुम्हीच शिकवलीत. दोनदा नापास केलंत मला तिच्यात."

मास्तर टायरांच्या ढिगावर मटकन बसले. त्यांच्या अंगावरून जी लाट गेली ती लाजेची होती, पण अर्ध्यावर येऊन तिचं काहीतरी दुसरंच झालं. पत्र्यावर नेउझा सुबक आकडे मांडत होती, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह, त्यांनीच लावलेली सवय.

"एकशे पंचाण्णवचे सत्तर टक्के एकशे साडेछत्तीस. वर एक, खाली एक, दोनशे त्र्याहत्तर. चौदा इंच म्हणजे तीनशे पंचावन्न पूर्णांक सहा. एकूण सहाशे अठ्ठावीस पूर्णांक सहा. हा तुमचा मागचा व्यास. आता टायर मिळत नाही तर रिम बदलू. पंधराची रिम, दोनशे पाच रुंद, साठ टक्के. ही कुठेही मिळते. करा, सर, तुम्ही करा."

तिने खडू पुढे केला. मास्तर उठले. खडू घेऊन पत्र्याशी गेले.

"दोनशे सेहेचाळीस... अधिक तीनशे एक्याऐंशी... सहाशे सत्तावीस."

"दीडेक मिलिमीटरचा फरक. पुढे घाला एकशे पंचाण्णव, साठ, पंधरा."

"सहाशे पंधरा. मुळात सहाशे चौदा पूर्णांक सहा." मास्तरांचा आवाज चढला. "नेउझा, अर्धा मिलिमीटरसुद्धा फरक नाही!"

"शाब्बास," नेउझा म्हणाली. "पास."

रिमा तिने तीन गावं पालथी घालून एका मोडीत निघालेल्या गाडीच्या शोधून आणल्या, नटांची भोकं जुळणाऱ्या. एविलाझियोने कमानीला चिकटवायला औषधांच्या कपाटातलं कसलं तरी उत्तम द्रव्य दिलं आणि मास्तरांच्या खिशातले सगळे कपचे आपापल्या जागी बसवले. आबेलार्दो आठवडाभर रोज सकाळी येऊन हवा तपासून जायचा, जसा नातवाचा ताप बघावा. झुलेइकाने जुन्या चाकांच्या चकचकीत टोप्या नव्या रिमांवर बसवल्या. बसेनात, तर तारेने बांधल्या.

तेवीस तारखेला मास्तर एकटे, तिरके, करकरत बैल ओलांडून कचेरीत गेले. तपासनिसाने फीत लावली, कागद बघितला, पुन्हा फीत लावली, आणि मग मास्तरांशी हात मिळवला. असा मिळवला की जणू त्याच्याच घरचं काम झालं. मास्तरांनी त्याचे इतके आभार मानले की मागच्या रांगेतल्यांना वाटलं, याला गाडी इथेच फुकट मिळाली.

पंचवीस तारीख. ऊन स्वच्छ. पुढे पाद्रीबाबांची पिकअप, त्यामागे पाकोळी, मागे साठेक ट्रक, बस, ट्रॅक्टर, सायकली. लिंदोल्फोंना आत बसवायला चार जण लागले. मांडीवर प्लास्टरचा क्रिस्तोवांव, आठ किलोचा. म्हाताऱ्याने पांढरी टोपी घातली होती. गाडी निघाली तसा तो काचेला नाक लावून बघत बसला.

तुमच्या फाटकाशी आल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं. दोन्ही कडेला ट्रक उभे. गाडी तिरकी घालायला जागा नाही. आत एकशे दहा किलो सासरे, आठ किलो संत, आणि समोर बैल. पुढची चाकं चढली, उतरली आणि पाकोळी पोटावर बसली. बशीवर ठेवलेल्या कपासारखी डुलायला लागली. मागची चाकं नुसतीच फिरत राहिली.

मागचे साठ जण हॉर्न वाजवू लागले. पण त्या दिवशी हॉर्न म्हणजे भक्ती. अडकल्याचं कोणाला कळेना. लोकांना वाटलं, मास्तर प्रार्थनेला थांबले. टाळ्या पडल्या. मग आणखी जोरात हॉर्न.

मास्तर घामाघूम होऊन बाहेर आले. "सासरेबुवा, जरा उतरता का? गाडी हलकी होईल."

"उतरणार नाही," म्हातारा म्हणाला. "मी बसायला आलोय."

तेवढ्यात मागून नेउझा आली. खाली वाकून बघितलं, उठली आणि बाह्या सावरल्या. "ए आबेलार्दो! औषधवाले! या इकडे. चौदा माणसं हवीत. उचलू या."

"थांबा," मास्तर म्हणाले. "गाडी सातशे वीस, अधिक एकशे दहा, अधिक आठ, भागिले चौदा... माणशी एकोणसाठ किलो आठशे सत्तावन्न ग्रॅम..."

"सर," नेउझा म्हणाली, "उचला."

तेरा जण झाले. चौदावा सापडेना. तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवरून तो काटकुळा तपासनीस धावत आला आणि हातातली फाइल जमिनीवर ठेवून मागच्या डाव्या चाकाशी उभा राहिला.

उचलली. साहेब, पाकोळी उचलली! झुलेइकाचा हात तिच्यात, पाद्रीबाबांचा झाडूसकट हात तिच्यात. चौदा जण धापा टाकत स्पीडब्रेकरवरून पावलं टाकू लागले. हॉर्न बंद झाले. आणि आतून लिंदोल्फोंचा आवाज आला, लहान पोरासारखा.

"मास्तर! इतक्या उंचावरून ही गल्ली मी कधी बघितली नव्हती! चर्चचा मनोरा दिसतोय... नेउझाचा आंबा दिसतोय... जरा सावकाश न्या रे. घाई नाही."

माणशी साठ किलो हातांवर घेऊन ते सावकाश चालले. गरजेपेक्षा दहा पावलं जास्त चालले. उतरवा, असं कोणीच म्हणेना.

मिरवणूक पुढे गेल्यावर नेउझाने फीत काढून तुमचा स्पीडब्रेकर मोजला. साडेपंधरा सेंटिमीटर. तुमच्याच नियमाच्या पुस्तकात दहाच्या वर जाऊ नये असं लिहिलंय, साहेब. टायरचा अर्धा मिलिमीटर बघणारे डोळे दारातले साडेपाच सेंटिमीटर बघत नाहीत?

एवढ्यावर आम्ही गप्प बसलो असतो. पण तीन आठवड्यांनी मास्तरांच्या घरी तुमचा लिफाफा आला. रस्त्यात वाहन उभं करून वाहतुकीला अडथळा आणल्याबद्दल दंड. सोबत पुरावा म्हणून खांबावरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो.

फोटोबद्दल मनापासून आभार. खरंच सांगतो. त्या धांदलीत आमच्यातल्या कोणीही फोटो काढला नव्हता. आता तो मोठा करून लिंदोल्फोंच्या भिंतीवर लावलाय. म्हातारा रोज सकाळी नाक टेकवून एकेकाला शोधतो: ही नेउझा, हा आबेलार्दो, हा औषधवाला, हे आमचे मास्तर. "आमचे" हा शब्द सत्तावीस वर्षांत नवा आहे. त्यासाठीही आभारच. जगात याहून जास्त मिळालेला माणूस आम्ही बघितला नाही, असं मास्तर स्वतःबद्दल म्हणतात, आणि मी ते खोडत नाही.

पण फोटो नीट बघा. चारही चाकं हवेत आहेत. मागच्या डाव्या चाकाशी, गाल फुगवून, तुमचाच माणूस आहे. खाली तुमचाच स्पीडब्रेकर आहे. दंडाला आम्ही लेखी हरकत घेतली, तिचा दुसरा महिना चालू आहे. म्हातारा रोज फोटोपासून मान वळवून विचारतो, "मास्तर, उत्तर आलं का?" आणि गेल्या आठवड्यापासून त्याला फोटोत औषधवाला सापडत नाही.

तेव्हा साहेब, सांगा. जी गाडी चौदा माणसांच्या हातांवर आहे, ती रस्त्यावर उभी कशी? आणि तुमच्या दारातला तो बैल किती सेंटिमीटरचा आहे? लेखी द्या, अक्षर मोठं काढा, आणि म्हाताऱ्याला वाचता येतंय तोवर द्या.